चैत्रातली हजेरी

चैत्र, १९५७. नारायणगावच्या रस्त्यावर तू उभी आहेस आणि भर दुपारी तुला समोरचं काही दिसत नाही. रस्ता पांढरा, माणसं पांढरी, बैलगाडीचा नुसता खडखडाट. तुझा काळा चष्मा तुझ्याच काळात राहिला. इथं फक्त पदर आहे. तो नाकापर्यंत ओढ आणि आवाजाच्या अंदाजानं चालायला लाग.

चहावाला सुटे परत देतो. नवे पैसे नुकतेच सुरू झालेत. तू नाणं पार डोळ्याला लावून आकडा वाचतेस आणि कुणी वळूनही बघत नाही, कारण या दिवसांत आख्खं गावच नाणी डोळ्यांजवळ नेऊन बघतंय. आण्याचे सहा की सव्वासहा, यावर दुकानादुकानात हुज्जत चाललीय. एवढी सवलत तुला पुन्हा कुठंच मिळणार नाही.

तुझे केस, पापण्या, कातडी बघून बायका हळूच म्हणतात, आईनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. खरं कारण अल्बिनिझम: दोन्ही पालकांकडून बदललेलं एकेक जनुक आलं, की कातडीत, केसांत, डोळ्यांत रंगद्रव्य नीट तयार होत नाही. आईबाप दिसायला चारचौघांसारखेच असतात आणि त्यांच्या प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता असते. हे १९५७ मध्ये कुणाला समजावणार? तुझ्या काळातही कितीजणांना पटतं म्हणा.

रात्री जत्रेत तमाशाचा फड लागतो तो आंबेगाव तालुक्यात, घोड नदीकाठच्या गावात. ज्या आंबेगावाच्या नावानं हा तालुका, ते गाव अजून पाण्याबाहेर आहे. डिंभ्याचं धरण व्हायचंय. स्टेजमागं पाचट पेटवून हलगी शेकतायत. कातडं ताणलं की बोटाची टिचकी मारून बघायचं, ठणकलं तर ठीक, नाहीतर पुन्हा जाळावर. पेट्रोमॅक्सला पंप मारला की जाळीचा उजेड तुझ्या डोळ्यांत फुटतो, पण बत्ती बाजूला आहे आणि समोर अंधार आहे. ऊन नाही. रात्र तुझी आहे.

गण झाला. गौळणीच्या रांगेत तू उभी. तुझी बुबुळं सारखी डावी-उजवी हलतात. मान एका बाजूला थोडी कलती ठेवली की ती जरा ठरतात आणि दिसायला लागतं. शाळेत याच मानेवर बोलणी खाल्लीस. इथं पहिल्या रांगेतून शिट्टी येते. त्यांना ती अदा वाटली!

मग मागून आवाज येतो, "ही मडम कुठनं आणली रं?" इंग्रज जाऊन दहा वर्षं होत आलीत. मावशीचं काम करणारा गडी सोडतोय होय? "आगं बया, मडम न्हवं, दुधाच्या डेऱ्यात पडली व्हती!" मांडव हसतो. तूही हस, पण हशा ओसरायची वाट बघू नकोस. सूर लाव. ढोलकीवाल्याचा हात तुला दिसत नाही, म्हणून इतर पोरी त्याच्याकडं बघून उचलतात ती सम तू कानानं उचलतेस, आणि ती कधी चुकत नाही. पोथी नाही, कागद नाही, सगळं ऐकून पाठ. कमी दिसणाऱ्या गळ्याला याहून बरी शाळा मिळणार नाही.

पण सकाळ होते. जत्रेचा रिवाज आहे हजेरीचा: रात्रभर नाचून-गाऊन झालं, तरी दिवस वर आल्यावर फडानं देवासमोर पुन्हा उभं राहायचं, मग कुस्त्या. चैत्राचं ऊन, डोक्यावर काही नाही. डोळे मिटून गातेस. हजेरी संपते तेव्हा नाक, कान, मान लाल झालेली असते, संध्याकाळपर्यंत फोड येतात. सावलीत उभी राहू का, असं तू विचारूही शकत नाहीस. सुपारी फडाच्या नावानं आहे, तुझ्या नावानं नाही.

जरा लांब जाऊ. १९६७, आफ्रिकेतला माली देश. सालिफ केता नावाचा, तुझ्यासारख्याच कातडीचा पोरगा जोलिबा गाव सोडून बामाको शहरात येतो. घराणं राजा सुंदियाताचं. तिथं गाणं हे ठरावीक जातीचं काम, राजवंशीयानं गायचं नाही. नजर अधू म्हणून मास्तरकीही नाही. तो बारमध्ये गातो, बँडमध्ये जातो, आणि १९८७ मध्ये 'सोरो' या अल्बमनं जगभर पोचतो. आपल्याकडं उलटं: गाणं ज्यांच्या वाट्याला जातीनं आलं त्यांची कला घ्यायची आणि माणसाला वेशीबाहेर ठेवायचं.

हे विठाबाईंना विचार. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडातली भाऊंची लेक. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. स्वतःच्या नावानं फडही काढला. भर खेळात कळा आल्या, बाई मागं जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर आली, ही गोष्ट नारायणगावात आजही अभिमानानं सांगतात. मला त्यात अभिमानापेक्षा लाज वाटते. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांकडून मदत गोळा करावी लागली. आता त्यांच्या नावानं सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे.

ये आता आपल्या काळात. गाणी तूच लिहितेस, चाली तुझ्याच, रेकॉर्डिंग घरात पडदे ओढून. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत नाव नोंदव. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अल्बिनिझमचं नाव नाही, अल्पदृष्टीचं आहे. नजर त्या मापात बसत असेल तर दाखला काढ. आणि पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात राहुट्या लागतील, गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतील, तेव्हा कागदावर बिदागीच्या आधी वेळ लिहून घे: दिवस मावळल्यावर.

जत्रा कमिटीच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे, की हजेरीच्या जागी मांडव घाला. खर्च फार नाही, आणि उन्हात उभा राहणारा प्रत्येक कलावंत तुमचं नाव काढील.