पथ्य आणि पारणे

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणतात, हे हैदराबादच्या मराठी घरांना वेगळे सांगायला नको. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांदेभात असे जितके प्रकार करता येतील तितके करायचे, आणि दोन दिवसांनी एकादशीला चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगे स्वयंपाकघरातून हद्दपार. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, पण वांगे अनेक घरांत आणखी काही दिवस थांबते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग ते पुन्हा ताटात येते. या रिवाजात सोडण्याला जशी तिथी आहे, तशीच परत घेण्यालाही आहे. या निबंधाचा विषय ती दुसरी तिथी आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण आपल्या अवतीभवतीच आहे. पोट फुगते, जळजळते, शौचाला नीट होत नाही, म्हणून कोणी गहू सोडला आहे, कोणी दूध, कोणी डाळी, तर कोणी या तिन्ही गोष्टी. डॉक्टर याला एलिमिनेशन डाएट म्हणतात. आपण वर्जन-आहार म्हणू. नेमाने केला तर तो उपयोगी पडतो. पण बहुतेक घरांत त्याचा पहिला अर्धाच भाग पोहोचलेला दिसतो. सोडण्याची यादी मोठ्या उत्साहाने भिंतीवर लागते. परत काय, कधी आणि कसे घ्यायचे हे कोणी विचारत नाही. पथ्याचा इतिहास पाहिला तर जाणत्यांनी या दुसऱ्या भागालाच अधिक जपले आहे असे दिसते.

एक सावधगिरी आधीच घेऊ. कांदेनवमीत आधुनिक वैद्यक शोधण्याचा मोह टाळला पाहिजे. चातुर्मासातले वर्ज्यावर्ज्य व्रताच्या, सात्त्विकतेच्या आणि पावसाळी ऋतूच्या कल्पनांतून आले आहे. ते आतड्याच्या विकारावर उपचार म्हणून सांगितलेले नाही. त्यातून घेण्यासारखी आहे ती शिस्त: मुदत ठरलेली, शेवट ठरलेला, आणि शेवटाचा सण केलेला.

उपचार म्हणून वर्जन पाहायचे तर चरकसंहितेकडे जावे लागते. चिकित्सास्थानातल्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीचा, म्हणजे जुनाट बिघडलेल्या पचनाचा विचार आहे, आणि तिथे ताकाची थोरवी सांगितली आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात मूळव्याधीच्या संदर्भात ताकाच्या प्रयोगाची रीत येते. ज्याचा अग्नी अगदीच मंद झाला आहे त्याला केवळ ताकावर ठेवावे. मुदत सात दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस किंवा महिना. इथवर ते कडक वर्जनच आहे. पुढे मात्र एकेक पायरी येते: संध्याकाळी ताकात कालवलेले लाह्यांचे सातू, मग ताक घातलेली पेज, मग ताकभात, मग मुगाचे कढण किंवा मांसरस. ताक एकदम बंद करू नये, ज्या क्रमाने वाढवले त्याच क्रमाने कमी करावे, आणि हे करताना अन्न मात्र तोडू नये, असेही तिथे बजावले आहे. वमन-विरेचनानंतरचा पेया, विलेपी, यूष हा संसर्जनक्रमही याच विचाराचा आहे. विसावलेल्या आतड्यावर एकदम पुरणपोळीचा भार टाकायचा नाही, आणि त्याला कायमचे पेजेवरही ठेवायचे नाही.

हैदराबादेत या विचाराला शेजारी मिळाला तो युनानीचा. पथ्याला परहेज म्हणायची सवय आपल्या कितीतरी घरांना या शहराने लावली. युनानी वैद्यकात उपचाराचे चार मार्ग मानले आहेत आणि त्यांतला एक आहे इलाज-बिल-गिजा, म्हणजे अन्नाने उपचार. चारमिनारजवळच्या सरकारी युनानी दवाखान्यात औषधाच्या पुडीबरोबर काय खावे आणि काय टाळावे हेही सांगितले जाते. वैद्य असो की हकीम, पथ्य कुणी सांगितले, किती दिवसांसाठी सांगितले आणि पुन्हा केव्हा दाखवायला जायचे, हे रोग्याला ठाऊक असे. सोडणाऱ्यावर कुणाची तरी नजर असे.

परत घेण्याचा आणखी एक उपयोग आहे. अपराधी कोण, हे त्यानेच सिद्ध होते. त्यासाठी थोडे युरोप-अमेरिकेकडे वळावे लागेल. सीलिअॅक नावाच्या विकारात मुले खंगत, पोट फुगे, जुलाब थांबत नसत. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांना केळ्यांवर भर असलेला आहार दिला आणि मुले सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. खरे कारण असे होते की त्या आहारात गहू नव्हता. ते ध्यानात न आल्यामुळे बरी झालेली मुले पुढे पावाकडे वळली, तर रोग पुन्हा डोके वर काढू शकत होता.

नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी असताना ही मुले मात्र बरी राहिली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५०च्या आपल्या प्रबंधात डिके यांनी गहू वर्ज्य करून आणि पुन्हा देऊन केलेली निरीक्षणे मांडली. हास आणि डिके या दोघांच्याही हाती सुधारलेली मुले होती. फरक पडला तो गहू परत दिल्यावर काय होते हे पाहिल्याने.

आज पोटाच्या तक्रारींसाठी सर्वांत गाजलेला वर्जन-आहार ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आला. २००५ साली पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी त्याची कल्पना मांडली. नाव फॉडमॅप. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू धरणाऱ्या काही शर्करांची ती यादी आहे. कांदा, लसूण, गहू, राजमा, हरभरा, दूध, आंबा हे सगळे तिच्यात येतात. यादी वाचून मराठी माणसाच्या पोटात गोळा यावा! पण ही यादी जन्मभराची नाही. दोन ते सहा आठवडे सोडायचे, मग एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत घेऊन पाहायचे, आणि शेवटी जे खरोखर बाधते तेवढेच, तेही बाधते तेवढ्याच मात्रेत, दूर ठेवायचे. कुणाला कांदा बाधतो पण हरभरा नाही. कुणाला पेलाभर दूध सोसत नाही पण वाटीभर दही चालते, कारण विरजणात दुधातली साखर काहीशी कमी झालेली असते. हे परत घेतल्याशिवाय कळणार कसे?

परत न घेतल्यास काय होते, याचा धडा मात्र मेलबर्नहून आणायला नको. तो आपल्या तार्नाक्यात लिहिला गेला आहे.

उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी उभी असलेली राष्ट्रीय पोषण संस्था मूळची हैदराबादची नव्हे. निलगिरीतल्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी जे छोटे काम सुरू केले, त्यातून ती वाढली; १९५८ साली हैदराबादेत आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. इथे आल्यावर डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक कोडे होते. इथल्या गोरगरीब रुग्णांत पेलाग्रा दिसत होता. उन्हाला उघड्या पडणाऱ्या हातापायांवर आणि गळ्याभोवती काळपट, भेगाळलेली कातडी, तोंड आलेले, जुलाब, आणि रोग बळावला तर भ्रमिष्टपणा. आतड्याचे अस्तरच बिघडल्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून हा रोग पोटाचाही आहे.

पेलाग्रा जगाला माहीत होता तो मका खाणाऱ्यांचा रोग म्हणून. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो संसर्गातून नव्हे तर आहारातून येतो हे दाखवले होते, आणि १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजम यांनी नायसिन या जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध जोडला होता. पण दख्खनचा गरीब मका खात नव्हता. तो ज्वारी खात होता. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाकडे बोट दाखवले. त्या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला. पण रोगी कोण होते याबद्दल वाद नव्हता: ज्यांच्या ताटात ज्वारीखेरीज फारसे काही पडत नव्हते, ते.

हे वाचताना तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ज्वारी तर आपलीही. १९५६पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि दोन्हीकडच्या चुली ज्वारीवर चालत. नांदेड-परभणीहून वकिली, शिक्षकी किंवा नोकरी करायला इथे आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी भाकरीच खाल्ली. त्यांना पेलाग्रा का झाला नाही? कारण भाकरीबरोबर वरण होते, पिठले होते, शेंगदाण्याची चटणी होती, पालेभाजी आणि ताक होते. डाळीतून, दुधातून, शेंगदाण्यातून मिळणारे भाकरीची उणीव भरून काढत होते. मजुराच्या घरी यातले बरेचसे नव्हते. भाकरी दोघांचीही तीच; तिच्या शेजारी काय वाढलेले आहे यावर प्रकृती ठरली.

त्या मजुराचे ताट गरिबीने अरुंद केले होते. आज सुस्थितीतली माणसे आपले ताट आपल्याच हाताने अरुंद करतात. त्यांना पेलाग्रा होईल असे मी म्हणत नाही. पण शाकाहारी माणसाने दूधदुभते पूर्ण सोडले तर बी-१२ आणि कॅल्शियम कुठून येणार? त्याने डाळीही सोडल्या तर प्रथिने कुठून येणार? सत्तरीच्या आजीचे आणि वाढत्या नातवाचे हे नुकसान लवकर दिसत नाही, आणि दिसते तेव्हा बराच काळ गेलेला असतो. शिवाय आतड्यातल्या उपयुक्त जंतूंचे पोषण डाळी, धान्ये, कांदा यांतल्या न पचणाऱ्या भागावरच होते. पोट सुधारण्यासाठी तेच कायमचे तोडणे अंगाशी येऊ शकते.

म्हणून या इतिहासातून चार गोष्टी घ्याव्यात. वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, ताप येत असेल किंवा पंडुरोग झाला असेल, तर आधी डॉक्टर, मग पथ्य. सीलिअॅकचा संशय असेल तर गहू सोडण्यापूर्वी तपासणी करावी, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी ठरू शकते. सोडायचे ते जाणत्याच्या नजरेखाली, आणि सोडताना त्याच्या जागी काय येणार हे ठरवून. आणि परत घेताना एका वेळी एकच पदार्थ, थोडा, दोनतीन दिवस पाहून, वहीत टिपून.

आपल्याकडे घेतलेल्या व्रताला उद्यापन असते, उपवासाला पारणे असते. उद्यापनावाचून व्रत पुरे झाले असे आपण मानत नाही. आहारातली कुठलीही वस्तू वर्ज्य करताना भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन खुणा कराव्यात, एक सोडण्याच्या दिवशी आणि एक परत घेण्याच्या दिवशी. दुसरी खूण आधी करावी.