पेस, ऑर्लँडो

पेस, ऑर्लँडो लमार : (४ नोव्हेंबर १९७५ – ). अमेरिकन फुटबॉलमधील ख्यातनाम डावा टॅकल. जन्म व शालेय शिक्षण ओहायओ राज्यातील सँडस्की येथे. ओहायओ स्टेट विद्यापीठाच्या संघातून तो १९९४ ते १९९६ असे तीन हंगाम खेळला. उंची सुमारे २ मी. आणि वजन सुमारे १४७ किग्रॅ. असूनही पायांची चपळाई न गमावणारा खेळाडू म्हणून त्याची गणना विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ टॅकल खेळाडूंत होते.

स्थान व तंत्र : चढाई करणाऱ्या संघाची आघाडीची फळी पाच जणांची असते. मधोमध चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल, अशी तिची रचना असून या पाचांना एरवी पुढे फेकलेला चेंडू झेलता येत नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणे आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला प्रतिस्पर्ध्यांपासून वाचवणे, हीच त्यांची दोन कामे होत. क्वार्टरबॅक उजवा असेल, तर फेकीच्या वेळी त्याची पाठ डावीकडे वळते व त्या बाजूने येणारा हल्ला त्याला दिसत नाही. म्हणून डाव्या टॅकलची जबाबदारी सर्वांत अवघड मानली जाते. फेकीच्या वेळी टॅकलला एका हाताच्या आधाराने घेतलेला पवित्रा सोडून क्षणार्धात मागे सरकावे लागते, गुडघे वाकवून कंबर खाली ठेवावी लागते आणि प्रतिस्पर्ध्याचे हात अंगाला भिडण्यापूर्वी आपले तळवे त्याच्या छातीवर रोवावे लागतात. हात बाहेरून गेले, तर धरून ठेवल्याचा दोष लागून संघाला १० यार्डांचा दंड होतो. तोल पुढे गेला, तर प्रतिस्पर्धी बगल देऊन निसटतो. पेस एवढ्या वजनानिशी मागे सरकतानाही तोल सांभाळत असे, आणि धावेच्या वेळी पहिली धडक देऊन न थांबता मैदानात पुढे जाऊन दुसऱ्या रक्षकालाही गाठत असे.

विद्यापीठीय कारकीर्द : प्रशिक्षक जॉन कूपर यांनी पेसला पहिल्याच वर्षी, १९९४ मध्ये, नियमित संघात घेतले. १९९५ च्या हंगामात याच फळीमागून धावणाऱ्या एडी जॉर्जने १,९२७ यार्डांची मजल मारली, इलिनॉयविरुद्धच्या एका सामन्यात ३१४ यार्ड मिळवले आणि वर्षाचा सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडू म्हणून दिला जाणारा हाइझमन करंडक पटकावला. सलग ११ विजयांनंतर मात्र संघ मिशिगनकडून २३–३१ असा हरला. १९९६ मध्ये जॉर्ज संघात नव्हता. तरीही पेपे पिअर्सनने हजाराहून अधिक यार्डांची धाव नोंदवली. मिशिगनविरुद्धचा ९–१३ हा पराभव वगळता संघाने त्या हंगामातील सर्व सामने जिंकले. १ जानेवारी १९९७ रोजी झालेल्या रोझ बोल सामन्यात ॲरिझोना स्टेटवर २०–१७ असा विजय मिळाला. अखेरच्या २० सेकंदांच्या आत जो जर्मेनने डेव्हिड बॉस्टनकडे केलेल्या फेकीने त्याचा निकाल लागला.

शेवटच्या दोन हंगामांत पेसच्या बाजूने क्वार्टरबॅक एकदाही पाडला गेला नाही, असे सांगितले जाते. असा दोष कोणत्या फळीकराच्या नावावर घालावा, हे अधिकृत धावफलकात नोंदवले जात नसल्यामुळे ही माहिती सामन्यांच्या चित्रफितींवरून झालेल्या मोजणीवर अवलंबून आहे. प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन पाठीवर सपाट पाडण्याच्या कृतीला ‘पॅनकेक’ म्हणतात. १९९६ मध्ये विद्यापीठाने पेसच्या पॅनकेकांची गणती प्रसिद्ध केली आणि पॅनकेकच्या आकाराची चुंबके वाटून हाइझमनसाठी त्याचा प्रचार केला. या गणतीला सर्वमान्य निकष नव्हता. परंतु एरवी आकड्यांत न दिसणाऱ्या खेळाडूचे काम तिच्यामुळे सामान्य प्रेक्षकाला मोजता येऊ लागले, आणि ही संज्ञा रूढ होण्याचे श्रेय बव्हंशी पेसला दिले जाते.

सन्मान : त्या काळी फळीतील खेळाडू व लाइनबॅकर यांच्यासाठी असलेला लोम्बार्डी पुरस्कार पेसला १९९५ व १९९६ अशा लागोपाठ दोन वर्षी मिळाला, तो दोनदा मिळवणारा पेस हा पहिलाच खेळाडू होय. १९९६ मध्ये सर्वोत्तम फळीकराला दिला जाणारा आउटलंड करंडक त्याला मिळाला, तसेच बिग टेन या विद्यापीठ-गटातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून शिकागो ट्रिब्यूनचा रौप्य फुटबॉल मिळाला. त्याच वर्षीच्या हाइझमन मतदानात तो चौथा आला. १९३५ पासून दिला जाणारा हा करंडक आजवर एकाही टॅकल, गार्ड वा सेंटरला मिळालेला नाही. ओहायओ स्टेटचाच टॅकल जॉन हिक्स १९७३ मध्ये दुसरा आला होता. विद्यापीठीय फुटबॉलच्या कीर्तिदालनात पेसचा समावेश २०१३ मध्ये झाला.

व्यावसायिक कारकीर्द : तिसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ सोडून पेस १९९७ च्या खेळाडू-निवडीत उतरला. सेंट लुइस रॅम्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. आक्रमक फळीतील खेळाडूला हा मान १९६८ मधील रॉन येरीनंतर प्रथमच मिळाला. जानेवारी २००० मध्ये अंतिम सामना जिंकणाऱ्या रॅम्स संघात तो होता. पराभूत टेनेसी संघाकडून त्याचा जुना सहकारी जॉर्ज खेळत होता. २००९ चा अखेरचा हंगाम शिकागो बेअर्सकडून. व्यावसायिक कीर्तिदालनात समावेश २०१६.

मूल्यमापन : फळीकराच्या नावावर यार्ड वा गुण जमा होत नाहीत, त्यामुळे त्याची थोरवी सहकाऱ्यांच्या आकड्यांतूनच वाचावी लागते. जॉर्जच्या विक्रमी हंगामात सर्व पाच फळीकरांचा वाटा होता आणि त्यातील पेसचा हिस्सा वेगळा काढता येत नाही. तथापि, धावणारा बदलल्यावरही टिकून राहिलेला फळीचा दरारा आणि एरवी चेंडू हाताळणाऱ्यांकडेच पाहणाऱ्या मतदारांनी त्याला दिलेली मते, या दोन गोष्टी त्याच्या श्रेष्ठत्वाचा भक्कम पुरावा ठरतात.