आवाज आत्याचा, चेहरा भलतीचा: गाण्याच्या व्हिडिओची आपल्याकडची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, एसटीत रेंज नाही किंवा ज्यांच्या हेडफोनचा एकच कान चालतोय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोललोय तसाच ठेवलाय, थोडी साफसफाई केलीये एवढंच.

तर, मागच्या भाऊबीजेला मी पुण्याहून गावी गेलो होतो. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यात. आत्या माहेरी आलेली. जेवणं झाली, ओवाळणी झाली, आणि चुलतबहिणीनं मोबाईल पुढे केला. म्हणाली, "दादा, हे बघ, आपल्या आत्याचा आवाज." रील होतं. एक मुलगी, नऊवारी नेसलेली, नाकात नथ, झोपाळ्यावर बसून जात्यावरची ओवी म्हणतेय. म्हणजे ओठ हलवतेय. आवाज शंभर टक्के आत्याचा. दोन वर्षांपूर्वी मीच फोनवर रेकॉर्ड करून एका अ‍ॅपवर टाकला होता.

आत्यानं रील तीनदा पाहिलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, "गळा तं माहा हाये. पण तोंड कोणाचं हाये हे?"

आम्ही हसलो. पण परतीच्या प्रवासात तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण गाण्याच्या व्हिडिओचा सगळा इतिहास काढून बघितला ना, तर तो याच एका प्रश्नाभोवती फिरतो. गळा कोणाचा, तोंड कोणाचं, आणि नाव कोणाचं?

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. मेहकरला एक वकील होते, ना. घ. देशपांडे. जन्म १९०९ चा. वकिली मेहकरला आणि कविता साऱ्या महाराष्ट्रात. त्यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ग. ना. जोशी यांनी गायली, तिची तबकडी निघाली आणि घराघरात वाजली. मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांमध्ये तिचं नाव घेतात. पुढे १९८६ मध्ये ना. घं.ना साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. आता गंमत बघा. ती तबकडी ऐकणाऱ्याला ना कवी दिसत होता, ना गायक. दिसत काय होतं? फिरणारी काळी तबकडी आणि तिच्या मधोमध कागदी लेबल. चित्र ज्यानं त्यानं आपापल्या डोक्यात काढायचं.

त्याच सुमारास सिनेमा बोलायला लागला. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, मराठीतला पहिला बोलपट. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे पडद्यावर दिसतात आणि गाताना आवाजही त्यांचाच. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्येही तेच. विष्णुपंत पागनीस अभंग गातात, तोंड त्यांचं आणि गळाही त्यांचाच. त्या काळी गाता येत नसेल तर हिरो होणं अवघडच होतं. संगीत नाटकाची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात काही नवल वाटलं नसणार. बालगंधर्व रंगमंचावर दुसऱ्या कोणाच्या आवाजावर ओठ हलवतील, ही कल्पनाच कोणी केली नसती.

पण १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूप छाँव' काढला. त्यात पार्श्वगायन आलं. गाणं आधी रेकॉर्ड करायचं, मग शूटिंगच्या वेळी ते वाजवायचं आणि नटानं ओठ हलवायचे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आधी एकच मोठा प्रोग्रॅम होता, त्याचे दोन मॉड्यूल झाले. आवाज वेगळा, चेहरा वेगळा. फायदे भरपूर. ज्याला उत्तम गाता येतं तो गाईल, ज्याला उत्तम अभिनय येतो तो करेल. पण दोन भाग केले की नाव कोणत्या भागावर छापायचं, हा वाद आलाच.

१९४९ चा 'महल' आठवा. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव! गायल्या होत्या लता मंगेशकर. म्हणजे गळा लताबाईंचा, तोंड मधुबालाचं, आणि नाव अशा बाईचं जी जगात कुठेच नाही. आत्याचं रील त्या मानानं काहीच नाही.

आता मराठीतलं उदाहरण घेऊ, कारण इथे प्रश्न जरा टोचायला लागतो. लावणी.

तमाशाच्या फडात विठाबाई नारायणगावकरांसारखी कलावंतीण स्वतः गायची, स्वतः नाचायची, स्वतः अदा करायची. गळा, तोंड, पाय, सगळं एकाच बाईचं. सिनेमानं तिचे दोन तुकडे केले. १९७२ चा 'पिंजरा' बघा. पडद्यावर संध्या, आवाज उषा मंगेशकरांचा. दोघींचंही काम मोठं, त्याबद्दल वाद नाही. पण या वाटणीत एक गोष्ट गुपचूप झाली. गाणारी बाई स्टुडिओत, माइकसमोर, अंगभर पदर घेऊन. तिला मान मिळाला. सुलोचना चव्हाण लावणी गायच्या त्या पदर आवरूनच, आणि लावणीसम्राज्ञी म्हणून महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. दुसरीकडे पडद्यावर दिसणारी तमासगीर बाई कथेत बहुतेक वेळा कोणाला तरी बिघडवणारीच असायची. आणि ज्या फडातल्या बाया रात्र रात्र हे दोन्ही करत होत्या, त्या कुठे राहिल्या? त्यांच्या वाट्याला शिट्ट्या आल्या. आपण लावणी घरात आणली, पण लावणीवाली बाई उंबऱ्याबाहेर ठेवली. आजही कितीतरी घरांत 'अप्सरा आली'वर पोरगी गॅदरिंगमध्ये नाचली तर कौतुक, आणि तमाशाचा तंबू लागला तर पोरींना घरात बसवतात.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्याकडे टीव्ही पोचायला मात्र बरीच वर्षं गेली. बाबा सांगतात, गावात एकच टीव्ही, त्यासमोर अख्खी गल्ली, आणि 'चित्रहार' लागला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कोणी उठत नसे. तिकडे अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं होतं. दिवसभर फक्त गाण्यांचे व्हिडिओ. तिथला आणि आपला फरक साधा होता. तिथे बहुतेक व्हिडिओत जो गातो तोच दिसतो. आपल्याकडे गाणं म्हणजे सिनेमा, आणि सिनेमात दिसतो तो नट.

म्हणून १९८८ च्या १५ ऑगस्टला 'मिले सुर मेरा तुम्हारा' आलं तेव्हा वेगळं वाटलं असणार. सुरुवातीलाच पडद्यावर भीमसेन जोशी. तोच गळा, तेच तोंड. हिरोसारखं कोणी मध्ये नाही. पुढे १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, त्यात गायिका स्वतः महाराणी होऊन बसली आणि आपला मराठी मिलिंद सोमण तिच्यासाठी लाकडी पेटीतून बाहेर आला. गाणारी बाई मधोमध आणि देखणा पुरुष सजावटीला! एवढं उलटं चित्र तेव्हा पहिल्यांदाच एवढ्या घरांत पोचलं असेल.

पण हे शहरात. खेड्यात खरी क्रांती केली कॅसेटनं. कॅसेट स्वस्त, कॉपी करायला सोपी, ट्रॅक्टरवर वाजते, पानठेल्यावर वाजते. प्रल्हाद शिंदे, मग त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद शिंदे, ही सगळी मंडळी कॅसेटनं घराघरात नेली. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, लग्नात नाचायची गाणी, सगळं त्याच घराण्यात. व्हिडिओ नव्हता, पण कॅसेटच्या आतल्या कागदावर गायकाचा फोटो असायचा. तो फोटो म्हणजेच आमचा म्युझिक व्हिडिओ. आमच्या घरी आंबेडकर जयंतीच्या कॅसेटांचा डबा होता, त्यातले कागद मी लहानपणी वहीत चिकटवायचो.

मग माझ्या शाळेच्या दिवसांत व्हीसीडी आली. चिखलीच्या स्टँडजवळ गाडा लागायचा. भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वाली, लग्नाची गाणी, सगळ्यांच्या व्हीसीडी एका ओळीत. इंजिनिअर म्हणून सांगतो, व्हीसीडीचं चित्र फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. जरा कोणी जोरात नाचलं की चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. पण चेहरे तरी कोणाचे? भाड्यानं आणलेल्या डान्स ग्रुपचे. तीच बाग, तेच कारंजं, त्याच चार मुली. गाणारा कुठेच नाही. कॅसेटनं फोटोपुरता का होईना जो गायक आमच्यासमोर आणला होता, तो व्हिडिओनं परत पडद्यामागे ढकलला.

आता येऊ आपल्या काळात. ५ सप्टेंबर २०१६. जिओ सुरू झालं आणि गावाकडे पहिल्यांदा लोक 'डेटा जपून वापर' म्हणायचे थांबले. त्यानंतर एक बाई फोनमधून महाराष्ट्रभर पोचल्या. कडूबाई खरात, तेव्हाच्या औरंगाबादच्या. हातात एकतारी, साधी साडी, समोर कोणाचा तरी मोबाईल. भीमगीत गायल्या. मेकअप नाही, सेट नाही, डान्स ग्रुप तर नाहीच. गळा त्यांचा, तोंड त्यांचं, नाव त्यांचं. माझ्या मते मराठी गाण्याच्या व्हिडिओतला हा मोठा क्षण आहे, आणि तो कुठल्याही कंपनीनं ठरवून घडवलेला नाही.

आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड घ्या. २०२४ चं 'गुलाबी साडी' कोणाला माहीत नाही? जो गातो तोच व्हिडिओत नाचतो. खानदेशातलं पोरगं मुंबईच्या सिनेमाच्या दारात रांगेत न थांबता स्वतःच्या तोंडानं स्टार झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. एक खटकतं, तेही सांगतो. या नव्या हिट गाण्यांत मुलगा गातो आणि मुलगी बहुतेक साडी, नथ, गजरा आणि लाजणं एवढीच असते. मधोमध बसलेली अलिशा १९९५ ची, आणि आपण अजून मुलीला झोपाळ्यावर बसवतोय.

आणि झोपाळ्यावरून परत आत्याकडे.

रीलची रचना अशी आहे की आवाज हा व्हिडिओपासून सुटा होतो. कोणीही तो उचलायचा, स्वतःचं तोंड लावायचं. १९३५ साली स्टुडिओला जे करायला यंत्रं आणि माणसं लागली, ते आता एका बोटानं होतं. मोठ्या कंपन्यांकडे पहारेकरी आहेत. यूट्यूबनं २००७ मध्ये कंटेंट आयडी आणलं, ते आवाजाचा जणू अंगठ्याचा ठसा घेतं आणि जुळवून बघतं. पण त्यात आधी आपला ठसा नोंदवावा लागतो, आणि ती सोय मोठा साठा असलेल्यांसाठी आहे. आत्याचा ठसा कोण नोंदवणार?

कायदा मात्र तिच्या बाजूनं आहे, हे मलाही आता कळलं. ओवी परंपरेची, तिच्यावर कोणाची मालकी नाही. पण ती गाण्याची कृती गाणाऱ्याची. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलाकाराचा हक्क आला, तो पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट दिली. हे मी गायलंय, असं नावानिशी सांगितलं जावं, हा हक्क.

मी तावातावानं त्या रीलवाल्या मुलीला मेसेज केला. तिचं लगेच उत्तर आलं. "सॉरी दादा, पण तुमच्या व्हिडिओत नावच नव्हतं. मला वाटलं जुनी रेकॉर्डिंग आहे."

मी माझा व्हिडिओ उघडून बघितला. फ्रेममध्ये जातं, पीठ आणि बांगड्या घातलेले दोन हात. चेहरा नाही. खाली मी लिहिलं होतं, 'गावाकडची आठवण'. नाव नाही. पहिली चोरी, मंडळी, मीच केली होती. मला आत्या नको होती, मला 'गावाकडची आठवण' हवी होती. व्हीसीडीवाल्यानं गायकाच्या जागी कारंजं दाखवलं, मी जातं दाखवलं.

हे नीटही करता येतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तिथे गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. अवघड काहीच नाही. विचारायचं आणि लिहायचं.

संक्रांतीला मी परत गेलो आणि आत्याला विचारलं, "तोंड दाखवू का यावेळी?" तिनं पदर सारखा केला, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दाखव. पण पयले माह्या मायचं नाव घे. तिनं शिकवलं हे."

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजाननं पहिल्या तबकड्या भरल्या, तेव्हा गाणं संपलं की ती स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. हे मी आत्याला सांगितलं. तिला पटलं. म्हणून या एपिसोडच्या शेवटी आधी ओवी आहे, मग दोन नावं आहेत, आजीचं आणि तिचं. इथे ती लिहीत नाही. वाचणाऱ्यांनो, तेवढ्यासाठी तरी एकदा प्ले दाबा आणि तिच्याच तोंडून ऐका.