फॉस्फेट लावणारे, फॉस्फेट काढणारे

१९६६चे वैद्यकाचे नोबेल दोघांना विभागून मिळाले. पेटन राउस यांनी १९११मध्ये न्यूयॉर्कला कोंबडीच्या गाठीतला विषाणू शोधला होता. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवले होते, की वृषणे काढली की प्रोस्टेटचा कर्करोग ओसरतो. कोंबडी कुठे, प्रोस्टेट कुठे! पण माझ्या मते या दोघांची सोयरीक आहे, आणि ती फॉस्फेटमुळे.

राउस यांच्या विषाणूतले 'सार्क' हे जनुक एक कायनेज बनवते, म्हणजे प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारे विकर. ते टायरोसिनवर चिकटवले जाते, हे १९८०पर्यंत कळले. हगिन्स रुग्णांच्या रक्तात मोजत होते ते अ‍ॅसिड फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारे विकर! शस्त्रक्रियेनंतर ते उतरे, टेस्टोस्टेरॉन टोचले की चढे. हगिन्स यांच्या लेखी ती फक्त रोगाची खूण होती.

खरा वाद पुढे आहे. मिंग-फाँग लिन आणि गेल क्लिंटन यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की हे विकर टायरोसिनवरचे फॉस्फेटही काढते. त्यावरून लिन यांचा सिद्धान्त असा: कर्कपेशीत ते घटले, की हर-२ हे कायनेज चालूच राहते आणि पेशी पुरुष-संप्रेरकाविनाही वाढते. आक्षेप दोन. हे विकर मुख्यतः वीर्यात स्रवते आणि त्याला आम्ल मानवते. मग पेशीच्या आत ते करणार काय? आणि रोगात ते रक्तात तर वाढते! दुसऱ्याला उत्तर आहे: ग्रंथीची रचना मोडली की ते रक्तात झिरपते. पहिला मला अजून बोचतो.

तरी दिशा लिन यांचीच बरोबर, असे मी धरून चालतो. १९९७मध्ये सापडलेले पीटेन हेही फॉस्फेट काढणारेच, फक्त प्रथिनापेक्षा मेदावरचे. बळावलेल्या प्रोस्टेट कर्करोगात ते अनेकदा नाहीसे होते आणि एकेटी हे कायनेज मोकाट सुटते. कायनेज स्वतः बिघडल्याची उदाहरणे इथे विरळाच. सार्कला रोखणारे डॅसॅटिनिब हे औषध दीड हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत डोसेटॅक्सेल या केमोथेरपीच्या जोडीने तपासले गेले. आयुष्य वाढले नाही. एकेटीला रोखणाऱ्या कॅपिवासर्टिबच्या चाचणीत मात्र पीटेन हरवलेलेच रुग्ण निवडले, आणि रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ लांबला.