मेढीचा पाय आणि मेढीचा खांदा

लाकूड कुजून जातं, खड्डा मागे राहतो. पुणे जिल्ह्यात इनामगावला, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ साली उत्खनन सुरू केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची घरं तिथे सापडली. सापडली म्हणजे काय, तर चोपलेल्या जमिनी, चुली, आणि जमिनीत ओळीने दिसणारी खांबांची भोकं. अंगणात, बागेत आपण चार खांबांवर सावली उभी करतो, तिची कुळी शोधत मागे गेलं की आपल्याकडे तरी अशा भोकांपाशी येऊन थांबावं लागतं.

खांब पुरायचा, की काम झालं. कारण पुरलेला खांब नुसता उभा राहत नाही, तो आडव्या धक्क्यालाही पुरून उरतो. वरून ढकललं की त्याचं टोक एका बाजूला झुकू पाहतं आणि बुड मातीत उलट्या बाजूला सरकू पाहतं. म्हणून जाणता गडी खड्ड्यात माती एकदम लोटत नाही. वीतभर माती, दगडाच्या चिपा, पहारीच्या बोथट टोकाने ठोकणं, मग पुन्हा वीतभर. चिपा बुडाशी आणि तोंडाशी घट्ट बसल्या पाहिजेत. मधे जरा सैल राहिलं तर चालून जातं. आठ फुटांच्या खांबाला दोन फूट जमीन लागतेच. भुसभुशीत असेल तर जास्त.

कोकणातला खळ्यातला मांडव या एकाच युक्तीवर उभा असतो. पोफळीचे खांब, डोक्याला बेळकं असलेल्या मेढी, बेळक्यात आडवे वासे, वर नारळाची झापं, आणि सगळं सुंभाने बांधलेलं. सुंभाची गाठ थोडी हलते, पण बिघडत नाही. ताठपणा सगळा पायात आहे. पुरलेलं लाकूड जमिनीच्या रेषेशी आधी कुजतं, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. वाळवीही तिथूनच चढते. या मांडवाला त्याची फिकीर नसते. पाऊस सरला की घालायचा, मिरगाच्या आधी उतरवायचा.

खांद्याची, म्हणजे खांबाला वरच्या जोडाशी तिरका आधार देण्याची, गोष्टही जुनीच आहे. अथर्ववेदाच्या नवव्या कांडातल्या शालासूक्तात घराच्या तीन लाकडांची नावं येतात: उपमित, प्रतिमित, परिमित. अभ्यासक त्यांचा अर्थ उभे खांब, त्यांना टेकवलेले आधार आणि त्यांना जोडणारी आडवी लाकडं असा लावतात. प्रतिमित तिरके असावेत असं काहींचं मत आहे. सूक्ताचा विषय या घराच्या गाठी सोडण्याचा आहे, म्हणजे घर बांधलेलं होतं ते अक्षरशः.

तिरकेपणाचा याहून ठसठशीत पुरावा मळवलीजवळ भाज्याच्या चैत्यगृहात आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं हे लेणं. आत शिरताच दिसतं की दोन्हीकडचे अष्टकोनी खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. अखंड कातळात खांब कलवायची काही गरज नव्हती. पण लाकडी चैत्यात कमानदार छत खांबांना बाहेर रेटतं, आणि तो रेटा अंगावर घ्यायला सुतार ते आत झुकवत असणार. पाथरवटाने दगडातही तीच ठेवण उचलली. छताला लाकडाच्या खऱ्या कमानीही बसवल्या. त्या आजही वर आहेत. माझ्या मते आपल्याकडच्या सुतारकामाचा सर्वांत जुना धडा असा दगडात लिहून ठेवलेला आहे.

पुढे खांब जमिनीतून वर आला. वाड्यांत तो तळखड्यावर बसला आणि कुजायचा थांबला, पण पायाची पकडही गेली. दगडावर ठेवलेला खांब कोणत्याही बाजूला कलू शकतो. वाड्यात जाड भिंती आणि माडीचं ओझं त्याला धरून ठेवतात. बागेतल्या उघड्या छपरीला भिंतही नाही, माडीही नाही. चार काठ्यांची चौकट कोपऱ्यांत एकेक खिळा मारून करा आणि ढकला, ती पतंगासारखी तिरपी होते. कोपऱ्यात एक तिरकं लाकूड ठोका. त्रिकोण झाला की चौकट जागची हलत नाही. मांडववाले बांबूंची कैची बांधतात ती यासाठीच. छपरीला मात्र पूर्ण कैची घातली तर जायला वाट उरत नाही. म्हणून खांब आणि तुळई यांच्या कोनात दोन-अडीच फुटांचा तिरका टेकू बसवतात, आणि तो दोन्ही दिशांना हवा. पुढच्या बाजूने छान दिसतो म्हणून तिथेच लावलेला टेकू बाजूच्या वाऱ्याला काही कामाचा नाही.

आता छप्पर. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि त्या कौलांनी पश्चिम किनारा व्यापला. एक कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा-सोळा. दहा बाय दहा फुटांच्या छपरीवर साडेतीनशे किलो वजन सहज होतं. पन्हळी पत्रा त्याआधीचा, १८२९ साली लंडनच्या हेन्री पामरने त्याचं पेटंट घेतलं. तेवढ्याच छपरीला तो पन्नास किलोच्या आतबाहेर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. अशा वाऱ्यात दहा बाय दहाचं उघडं छप्पर वर उचललं जातं ते ढोबळमानाने चारशे किलोंच्या जोराने. कौलं तो जोर बराचसा वजनानेच पेलतात. पत्र्याला मात्र खालून धरून ठेवायला कोणीतरी लागतं.

म्हणजे पाय पुन्हा जमिनीत जायलाच हवा, फक्त लाकूड जाऊ नये. काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या रोवायच्या, खांब त्यांच्या मधे बोल्टाने आवळायचा आणि बूड जमिनीपासून दोन बोटं वर ठेवायचं. घनफूटभर काँक्रीटचं वजन सुमारे अडुसष्ट किलो. वरच्या हिशेबाने प्रत्येक खांबाच्या वाट्याला शंभर किलोंच्या आसपास ओढ येते. छप्पर-लाकडाचं वजन त्यातून वजा होत असलं, तरी दोन घनफुटांहून लहान ठोकळा घालू नये.

लग्नात मुहूर्तमेढ अजून रोवतात. हॉलच्या लादीला खड्डा कसा पाडणार, म्हणून ती मातीच्या कुंडीत उभी करतात, हळदकुंकू लावतात, आंब्याचा डहाळा बांधतात. बाहेरचा मांडव तोवर लोखंडी पाइपांवर चढलेला असतो, आणि डेकोरेटरची पोरं त्याला कैच्या आवळत असतात.