झाडावरची करवत

गोव्यांतील रेंदेर माडावर चढूं लागला म्हणजे खालून पाहणाऱ्याचें लक्ष त्याच्या हातापायांकडे जातें. खोडावर पाडलेल्या खांचेंत एक पाऊल, मग दुसरें. दोन्ही हातांचा खोडास विळखा. आणि पाहतां पाहतां मनुष्य झावळ्यांत दिसेनासा होतो. परंतु त्याच्या कसबाचा एक भाग त्याच्या पाठीमागें असतो व तो सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. माडाची पोय तासण्याचें धारदार हत्यार, ज्यास तिकडे काती म्हणतात, तें त्याच्या हातांत नसतें, दांतांत नसतें, खांद्यावरही नसतें. तें कमरेच्या मागील बाजूस अडकविलेलें असतें. चढतांना तें खोडास घासत नाहीं, पायांत येत नाहीं, आणि वर पोंचल्यावर हात मागें नेला कीं मूठ बरोबर हातांत येते. उत्तर कोंकणांतील भंडाऱ्यांचेंही कसब याच जातीचें. झाडावर चढणाऱ्याचे दोन्ही हात आधीं झाडाचे असतात, मग कामाचे, हा या धंद्याचा पहिला नियम होय.

काती किंवा कोयता कमरेस लटकविणें त्यामानानें सोपें. पातें आंखूड व जाड, आणि धार एका रेषेंत. करवतीची गोष्ट निराळी. तिचें पातें लांब, पातळ व लवचीक. आणि सबंध कडेस दांत. उघडी करवत कमरेस बांधली तर मांडी, धोतर, झाडाची साल, दोर, जें सांपडेल तें ती धरते. असलें हत्यार घेऊन माणसानें झाडावर कसें चढावें, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या उत्तरांत चढणाऱ्याचा जीव आणि झाडाचें आयुष्य या दोन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत, व म्हणूनच त्याचा इतिहास मनोरंजक झाला आहे.

हा प्रश्न रोमन लोकांसही पडला होता. इटलींत द्राक्षवेल उंच झाडांवर चढविण्याची चाल होती. कँपानिया प्रांतांत हे वेल पॉप्लरच्या झाडांवर इतके उंच जात कीं, द्राक्षें तोडण्यासाठीं मोलानें लावलेला मजूर आपल्या करारांत चिता व थडगें यांचीही तजवीज करून घेई, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहून ठेविलें आहे. त्याच शतकांतील शेतकी-लेखक कोलुमेला याने वेल छाटण्याच्या विळ्याचें जें वर्णन केलें आहे, त्यांत एकाच पात्याला कापण्याचा, ओढून छाटण्याचा, टोंचण्याचा व घाव घालण्याचा असे वेगवेगळे भाग आहेत. असा एकच विळा कमरेस असला म्हणजे वर गेलेल्या माणसास दुसऱ्या हत्यारासाठीं खालीं यावें लागत नाहीं, हें उघडच आहे. पुढें पलाडियस नांवाच्या दुसऱ्या शेतकी-लेखकानें शेतावर असाव्या अशा अवजारांच्या यादींत मुठीच्या लहानमोठ्या करवती सांगितल्या आहेत. त्यांची लांबी फार तर एक हात, आणि त्यांचें नांव होतें 'लांडगे'. मोठी करवत जेथें फिरवितां येत नाहीं अशा अडचणीच्या जागीं हे लांडगे उपयोगी पडत. दांतांचें हें नांव ज्यानें ठेविलें त्यास करवतीचा चावा ठाऊक असला पाहिजे.

कोणी म्हणेल, झाडावर करवत हवीच कशाला? कुऱ्हाड काय वाईट? पण कुऱ्हाडीला झोंक लागतो, आणि झोंक घ्यावयाचा म्हणजे दोन्ही हात झाडापासून सुटले पाहिजेत. शिवाय घाव चुकला तर तो चढणाऱ्याच्या पायावर किंवा शेजारच्या निरोगी फांदीवर बसतो. करवत एका हातानें चालते, दुसरा हात झाडाला राहतो, आणि कापलेली जागा गुळगुळीत होते. मात्र ओल्या लांकडांत करवत अडकते. भुसा दांतांत बसतो. यासाठीं दांत आळीपाळीनें डावीकडे व उजवीकडे वळविण्याची युक्ति प्लिनीच्या काळींही माहीत होती. या युक्तीनें कापणें सुलभ झालें, परंतु बाहेर झुकलेले दांत कपड्यांत व कातड्यांत अधिकच अडकूं लागले, आणि करवत बाळगण्याची अडचण वाढली.

करवत येतांही कापते व जातांही कापते असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बोलण्यांत तें ठीक. पण बहुतेक हातकरवती एकाच दिशेनें कापतात. युरोपांत सुताराची करवत पुढें ढकलतांना कापते. ढकलतांना पातें वांकूं नये म्हणून तें जाड ठेवावें लागतें, आणि जाड पातें जड होतें. प्राचीन इजिप्तमधील तांब्याच्या करवती मात्र ओढून चालविण्याच्या होत्या. हिंदुस्थानांतील जुन्या धाटणीच्या हातकरवतीचे दांतही मुठीकडे वळलेले असत. आणि जपानांत तर हीच रीत पूर्णत्वास गेली. ओढलेलें पातें ताणलेल्या दोरीप्रमाणें आपोआप सरळ राहतें, म्हणून तें पातळ व हलकें करतां येतें.

जमिनीवर उभ्या राहिलेल्या सुतारास हा भेद संवयीचा वाटेल. झाडावर तो फार महत्त्वाचा ठरतो. जो मनुष्य दोरावर टांगलेला आहे त्यानें करवत जोरानें ढकलली तर करवतीबरोबर तो स्वतःच मागें ढकलला जातो. त्यानें ती ओढली तर तो फांदीकडे येतो, आणि फांदी डोक्याच्या वर असल्यास हाताचें वजनही कामीं येतें. पातें किंचित् वक्र असलें तर ओढतांना दांत लांकडांत आपण होऊन रुततात. म्हणून पाश्चात्त्य देशांतही छाटणीची करवत सुताराच्या करवतीपासून वेगळी पडली. ती आंखूड झाली, वांकडी झाली, आणि तिचे दांत मुठीकडे वळले.

या कामास स्वतंत्र धंद्याची प्रतिष्ठा ज्यांनीं मिळवून दिली त्यांत जॉन डेव्ही याचें नांव अग्रभागीं आहे. त्याचा जन्म १८४६ सालीं इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत झाला. लहानपणीं त्याला अक्षरओळखही नव्हती. वाचावयास तो मोठेपणीं शिकला. १८७३ सालीं तो अमेरिकेंत गेला व पुढें ओहायो संस्थानांतील केंट या गांवीं स्थायिक झाला. तेथील दफनभूमीची देखरेख त्याजकडे आली आणि तींतील झाडांची शुश्रूषा करतां करतां त्याचें शास्त्र तयार झालें. १९०१ सालीं त्यानें 'वृक्षवैद्य' या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. रस्त्यांवरील झाडें निर्दयपणें कशीं तोडलीं जातात हें त्यानें छायाचित्रांनीं दाखविलें. १९०९ सालीं त्याच्या कंपनीची रीतसर नोंदणी झाली, व तरुणांना दोरावरून झाडावर चढण्याचें, तेथें करवत चालविण्याचें शिक्षण मिळूं लागलें. लोखंडी कांटे बुटास लावून चढलें तर खोडास जखमा होतात. ज्यास बरें करावयाचें त्यासच भोंकें पाडणें वैद्यास शोभत नाहीं. म्हणून हे लोक दोरावर विसंबूं लागले.

आणि येथेंच करवत बाळगण्याच्या प्रश्नाला जीवघेणें स्वरूप आलें. माणसाचा सर्व भार ज्यावर आहे तो ताणलेला दोर, आणि त्याच्या शेजारीं कमरेस लोंबणारे उघडे दांत! सैल पडलेला दोर करवतीला सहसा दाद देत नाहीं. परंतु ताणलेल्या दोराचा एक धागा तुटला कीं राहिलेल्या धाग्यांवर ताण वाढतो, आणि तोही पुढच्याच क्षणीं तुटतो. फांदीवरून नुसती कूस बदलतांना करवत दोरास घासली तरी पुरे. यासाठीं करवतीस म्यान हवें. तें केवळ धार जपण्यासाठीं नसून धारेपासून माणसास जपण्यासाठीं आहे. म्यान कमरेस लोंबतें ठेवलें तर चढतांना फांद्यांत अडकतें. मांडीला किंवा पोटरीला पट्ट्यानें बांधलें तर अंगाबरोबर फिरतें. तोंड अरुंद असेल तर करवत परत घालतांना नजर तेथें लावावी लागते, आणि तेवढा वेळ वरच्या फांदीवरील नजर सुटते. करवत न पाहतां काढतां यावी व न पाहतां ठेवतां यावी, हीच चांगल्या म्यानाची कसोटी होय. जपानी कारागिरांनीं पाठीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या पात्याची युक्ति काढली, त्यामुळें दांत बाहेर वळविण्याची गरजच राहिली नाहीं. असें पातें म्यानांत सुरीसारखें सरकतें. पातें मुठींत मिटणाऱ्या लहान करवतीनें हाच प्रश्न दुसऱ्या रीतीनें सोडविला.

जें शहाणपण अनुभवानें आलें तें नियमांत उतरावयास मात्र वेळ लागला. अमेरिकेंत झाडावर काम करणारांच्या सुरक्षिततेचे राष्ट्रीय नियम १९७२ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले. त्यांच्या मागें या धंद्यांत मुलगा गमावलेल्या एका आईचा चिकाटीचा पाठपुरावा होता. वापरांत नसलेली हातकरवत चढणाऱ्याच्या पट्ट्यास अडकविलेल्या म्यानांतच असावी, आणि चढतांना हातांत हत्यार धरूं नये, या साध्या गोष्टींना त्या नियमावलींत स्थान मिळालें. रेंदेराच्या घरीं जें बाप मुलास बोट दाखवून शिकवितो, तें येथें कलमांच्या रूपानें लिहावें लागलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसास पेलेल अशी यंत्राची करवत प्रचारांत आली व हातकरवतीचे दिवस संपले असें अनेकांस वाटलें. तसें झालें नाहीं. यंत्र जड असतें, त्याला दोन्ही हात लागतात, आणि घाईच्या हातून जें कापावयाचें नाहीं तेंही कापलें जातें. मनगटाएवढ्या फांदीस हातकरवतच सोयीची. शिवाय झाडाविषयींचें ज्ञानही तिच्याच बाजूस आलें. पूर्वी फांदी खोडाला अगदीं चाटून कापावी अशी समजूत होती. अमेरिकेच्या वनखात्यांतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यानें १९५९ पासून पुढें हजारों झाडें उभीं चिरून त्यांच्या आंतील जखमा तपासल्या. फांदीच्या मुळाशीं जो फुगीर कंठ असतो तो शाबूत राहिला तर झाड आपल्या जखमेभोंवतीं आंतून तटबंदी उभारतें, आणि तो कापला गेला तर कुजणें खोडांत शिरतें, असें त्यानें दाखवून दिलें. म्हणून जड फांदी तीन वेळां कापावी लागते: थोडें पुढें खालून एक छेद, त्याच्याही पुढें वरून दुसरा, आणि भार उतरल्यावर कंठाच्या बाहेरून तिसरा. पहिला छेद टाळला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते.

आतां हे तीन छेद कोण घेईल? ज्याची करवत सहज निघते व सहज परत जाते, जो दर वेळीं जागा बदलून नीट बसूं शकतो, तोच. ज्याला करवत खालून दोरीनें ओढून घ्यावी लागते, किंवा तोंडांत धरून फांदी पालटावी लागते, तो एकाच दमांत काम उरकतो. त्या उरकण्याची खूण झाडाच्या अंगावर पुढें कित्येक वर्षें दिसते. सोय म्हणजे चैन, असें मानण्याची वृत्ति कष्टाच्या धंद्यांविषयीं फार आढळते. परंतु येथें कामगाराची सोय हीच कामाची प्रत ठरविते.

पावसाळा जवळ आला म्हणजे मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरील वड, पिंपळ, गुलमोहर यांच्या फांद्या उतरविण्याचें काम सुरू होतें. खालीं तारा, वाहनें, माणसें. वर एक मनुष्य. खिडकींतून पाहणाऱ्या घरांतील मंडळींचें लक्ष बहुधा पडणाऱ्या फांदीकडे असतें. त्यांनीं एकदां त्या माणसाच्या कमरेकडे पाहावें. तेथें हत्यारासाठीं नीट जागा असेल, तर त्याचे हात झाडाला मोकळे आहेत असें समजावें. आणि ती जागा नसेल, तर तो कोणत्या भरंवशावर वर चढला आहे, हें ज्यांनीं त्यास वर पाठविलें त्यांस विचारावें.