अपील-निर्णयांतील मौन

पक्षकारांनीं काढलेल्या प्रत्येक मुद्द्याचा निर्णय वरिष्ठ न्यायसभेनें दिलाच पाहिजे काय, हा प्रश्न जुनीं निवाडपत्रें चाळणारास कित्येकदां भेटतो. दोघांच्या तकरिरी विस्तारानें उतरलेल्या, निवाडा मात्र एकाच मुद्द्यावर, बाकीच्यांविषयीं पत्र मूक! अशा वेळीं पान गहाळ झाल्याचा संशय घेण्याची आपणांस घाई होते.

धर्मशास्त्रास पुनर्न्याय मान्य आहे. याज्ञवल्क्यानें कुल, श्रेणी, पूग व राजनियुक्त अधिकारी अशी चढती परंपरा सांगितली असून, दुर्दृष्ट व्यवहार राजानें पुन्हा पाहून जिंकणारासह सभ्यांस दंड करावा असें म्हटलें आहे. निकाल अधर्म्य वाटल्यास दुप्पट दंड पत्करून तो पुन्हा उघडण्याची मुभा नारदानें दिली. जयपत्रांत पूर्वपक्ष, उत्तर, क्रिया व निर्णय हीं असावींत. परंतु व्यवहाराचें चौथें पाद म्हणजे साध्यसिद्धि. साध्य सिद्ध झालें कीं पाद पुरें. 'निर्णय' हें एकवचनी आहे खरें. पण त्यावर मी भार देत नाहीं, वैयाकरण हंसतील.

मौनाची किंमत इंग्रजी अमदानींत उघड झाली. तारकांत बॅनर्जी विरुद्ध पद्दोमणी दासी या १८६६ च्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें स्पष्ट तक्रार केली कीं, खालचीं न्यायालयें अपीलयोग्य दाव्यांत सर्व मुद्दे ठरवीत नाहींत, म्हणून एरवीं येथेंच मिटला असता तो दावा परत धाडावा लागतो, व पक्षकारांस विलंब आणि खर्च सोसावा लागतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनें मधला मार्ग धरला. विसाव्या आदेशाचा ५ वा नियम प्रत्येक मुद्द्यावर सकारण निष्कर्ष मागतो, पण एकाच निष्कर्षानें दावा निकालांत निघत असेल तर सूट देतो. एकेचाळिसाव्या आदेशाच्या ३१ व्या नियमान्वयें अपील न्यायालयानें विचारार्थ मुद्दे, त्यांवरील निर्णय व कारणें लिहावयाचीं असतात. संतोष हजारी प्रकरणीं (२००१) सर्वोच्च न्यायालयानें पहिल्या अपिलाच्या न्यायालयावर हें कर्तव्य विशेष जोरानें घातलें.

माझ्या मतें भेद पायरीचा आहे. ज्याच्यावर दुसरी पायरी आहे, त्याचें मौन पक्षकारांस भोंवतें. शेवटच्या पायरीचें भोंवत नाहीं. हुजुरांतील निवाडा ही शेवटचीच पायरी होती. तेव्हां अशा कागदावर 'त्रुटित' असा शेरा मारण्यापूर्वीं संग्राहकांनीं बंदाच्या सांध्यांवरील शिक्के जुळतात कीं नाहीं व शेवटीं मोर्तब आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. दोन्ही असतील तर पत्र पुरें समजावें.